रुमालाचं ताट

मधल्या दाराची कडी एकदा वाजली. स्वयंपाकघरात आम्ही दोघी सासू-सून केव्हाच्या गप्प बसलो होतो, म्हणून ती एवढीशी कडी मला घणासारखी लागली.

आमच्यात बैठकीतला पुरुष घरातल्या बाईला हाक मारत नाही, पाहुणे असले तर मुळीच नाही. कडी एकदा वाजली की पाणी द्यायचं. दोनदा वाजली की ताट.

"पानी," सासूबाई म्हणाल्या. "जैनूले धाड."

जैनू, माझी जैनब, मागच्या अंगणात कडुनिंबावर चढलेली. खाली ओढून काढली, फ्रॉकवरचा चीक पुसला, हातात तांब्या दिला. बाई बैठकीत जात नाही, म्हणून आतलं-बाहेरचं लहान पोरांनीच न्यायचं. आज तिच्याच सौद्यावर बसलेल्या माणसांना पाणी तिलाच द्यायचं होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

माझे सासरे, जैनूचे बडे अब्बा, मीरदाद खाँ. त्यांचे पठाण आजोबा निजामाच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून वऱ्हाडात आले आणि कामरगावच्या काळ्या मातीत रुतले. आता आमचे पुरुष कपाशी पेरतात, बैलांशी वऱ्हाडी बोलतात. पश्तो कुणालाच येत नाही. बोली गेली, रीत राहिली.

रीत अशी, की सून आणायची तर त्या घरी आपली पोरगी द्यायची. बदल म्हणतात त्याला. माझ्या धाकट्या दिरासाठी, युसूफसाठी, बाळापूरच्या बहराम खाँची लेक पाहिली होती. बहराम खाँचा थोरला पोरगा बायको मेलेला. त्याच्यासाठी त्यांनी जैनू मागितली. निकाह पुढं होईल, पण जबान, म्हणजे शब्द, आजच. आणि जबान दिली की पोरगी त्यांची अमानत. शाळा नाही, विहीर नाही, उंबरा ओलांडणं नाही.

जबानीवर मोहर असते ती रुमालाची. पोरीच्या आईनं कशिदा भरलेला रुमाल गुळाबरोबर ताटात घालून बैठकीत पाठवायचा. पाहुण्यानं तो खांद्यावर टाकला की संपलं.

तो रुमाल मीच भरला होता. सासूबाईंनी सांगितलं, युसूफच्या साखरपुड्याचा आहे. दुपारी घर निजलं की मी दारामागं बसून हौसेनं पोपट काढत असे. शेवटच्या पोपटाची चोच राहिली होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता लवकर आटप. जैनूचा हाय तो."

त्या दिवशी शेजारची गोजराबाई मागच्या दारी ताक घेऊन आली होती. माझं तोंड पाहून तिनं सगळं काढून घेतलं.

"माय वो! पोट्टी देऊन सून आनता? आमच्यात बैल बदलतेत असे, पोळ्याच्या बाजारात." मग माझे डोळे पाहून तिनं आवाज खाली आणला. "पन हासू तरी कोनाले, हलिमा? माहं लगीन लागलं तवा मी मांडवात झोपली होती म्हंते माही माय. नवऱ्याचं तोंड पाहाले उठवलं तं रडली म्हने भुकेनं."

नवऱ्याशी बोलून पाहिलं. कासम खाँ माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. आज सकाळी बैलांना पाणी दाखवता दाखवता एवढंच म्हणाले, "अब्बाच्या जबानीवर माही जबान कशी चालन? तूच सांग." आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

जैनू रिकामा तांब्या घेऊन परत आली. "अम्मा, तो मोठ्या मिशीवाला मले म्हने, दात दाखव. मी जीभ दाखवली."

"अल्ला!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

बैठकीत हशा झाला. मग हुक्क्याची गुडगुड आणि सासऱ्यांचा आवाज. गोष्ट सुरू झाली होती. पाहुणे आले की ते ती सांगतातच. आम्हा सगळ्यांना ती पाठ झालेली.

"विहिरीच्या पान्यावरून आमच्या अन् पल्याडच्या खाँच्या तलवारी निंघाल्या होत्या. माही माय घरातून आली. डोक्यावरची ओढनी काढली अन् मधात जमिनीवर टाकली. बस! खाँसाहेब, पठान तलवारीवरून उडी मारीन, पन बाईची ओढनी ओलांडून पाय नाही टाकनार. जे मागन ते द्या लागते. त्या दिवसापासून पानी अर्धं अर्धं."

"वाह!" बहराम खाँ म्हणाले. "आता तशे लोक कुठं राह्यले?"

"इथी हायेत," सासरे म्हणाले. "या घरात हायेत."

माझ्या हातात ताट होतं. मध्ये रुमाल, घडी घातलेला, पोपट वर. सासूबाई गुळाची ढेप फोडायला आतल्या खोलीत गेल्या.

कडी दोनदा वाजली.

मी काय केलं ते विचार करून केलं असं म्हणता येत नाही. रुमाल उचलला आणि ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला. डोक्यावरची ओढणी काढली. धुवून धुवून विटलेली, एका टोकाला हळदीचा डाग. तिची घडी ताटात ठेवली, वर झाकणाचा कपडा. सासूबाईंनी येऊन कपड्यावरच गूळ ठेवला. त्या ताटाकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही.

जैनूच्या कानाशी वाकले. तिच्या केसांना खोबरेल आणि कडुनिंबाचा वास येत होता. "बडे अब्बाच्या पायापाशी ठेवजो. पाहुन्यापुढं नाही. समजलं? अन् म्हनजो, अम्मेनं मले मागितलं."

"तुले तं मी हावोच!"

"तसंच म्हनजो. जाय."

ती गेली. दारावरचा पडदा हलला आणि थांबला. तेव्हा सासूबाई वळल्या.

"तुह्या डोक्यावर काहून काही नाही?"

त्यांनी ताटाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "हलिमा, त्या पोराचं लगीन मोडशीन तू. युसूफनं काय केलं वो तुहं?"

युसूफ मला कधी उलटा शब्द बोलला नव्हता.

बैठकीतून जैनूचा आवाज आला, शाळेत कविता म्हणतात तसा. "अम्मेनं मले मागितलं."

हुक्का थांबला. एक कबुतर वळचणीला घुमत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी उघड्या डोक्यानं भिंतीला टेकून उभी होते. सासरे उठून आत आले तर काय करतील, हे मला समजत नव्हतं. आमच्या घरात बंदूक आहे.

"खाँसाहेब," बहराम खाँ म्हणाले, "रुमाल?"

सासऱ्यांनी हुक्क्याची नळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हा काय तमाशा हाय? सुनेच्या कपड्यावर तुमी जबान मोडता?"

"जबान अजून दिली नव्हती," सासरे हळू म्हणाले. "द्याले बसलो होतो." मग ताट सरकलं; ओढणी उचलून त्यांनी मध्ये जमिनीवर टाकली असावी. "आत्ताच तुमाले गोष्ट सांगतली. तुमी वाह म्हनले. हे पाहा, जमिनीवर पडली हाय. ओलांडा अन् घेऊन जा पोट्टी. मले तं ओलांडता येत नाही."

पाहुण्यांचे जोडे वाजले. त्यांच्या दमणी गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीतून बाजाराकडे गेला. त्यामागोमाग बैठकीत बसलेला युसूफही निघून गेला. दार त्यानं इतकं जोरात लावलं की फळीवरचं पितळ हललं. सासूबाई चुलीपुढं बसल्या आणि रडू लागल्या, आवाज न करता.

मग पडद्यापलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. मला उद्देशून ते कधी बोलत नाहीत. आजही जैनूलाच सांगत होते, पण मी ऐकावं एवढ्या मोठ्यानं.

"सांग तुह्या अम्मेले, तिनं मागतलं ते दिलं. आजवर या घरात कोनी असं मागतलं नव्हतं. माह्या मायनंतर." ते थांबले. "अन् हेही सांग. गावात आता गोष्ट होईन, की मीरदाद खाँच्या घरची बाई डोकं उघडं करते. तं या पोट्टीच्या डोक्यावरून ही ओढनी हटली नाही पाहिजे. तिनं तुह्यासाठी काढली, आता तू वागव."

पडदा सरला.

जैनू आत आली. माझी ओढणी तिच्या डोक्यावर होती, कपाळापर्यंत खाली ओढलेली, दोन्ही टोकं मागं जमिनीवर लोळत. हळदीचा डाग बरोबर तिच्या कानाशी आला होता. एका हातात गुळाचा खडा. चालताना पाय अडकला, पडता पडता सावरली.

मी तिला जवळ ओढलं. ती वाचली होती. मी तिचा घामेजलेला चेहरा धरला, गाल, हनुवटी, सगळं जागेवर आहे ना पाहिलं.

मागच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीवर तिची पाटी अजून अडकलेली होती. तिनं मान वळवून तिकडे पाहिलं, मग ओढणीच्या आतून माझ्याकडे.

"अम्मा," ती म्हणाली, "हे कवा काढाचं?"