त्या दिवशी मेसेज आला नव्हता

माझ्या बहिणीचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. धाकटी आहे माझी, पल्लवी. दिल्लीत हवामानाची शास्त्रज्ञ. टीव्हीवर ती बोलायला लागली की कुरुंद्यातल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "नरसिंगभाऊ, ही तुमचीच का?" तेव्हा छाती फुगते माझी. राग मात्र जात न्हाई.

सारं आयुष्य बाई एकाच गोष्टीमागं लागली. उन्हात राबणाऱ्या माणसाला कडक उन्हाच्या दिवशी दुपारी काम बंद पाहिजे म्हणजे पाहिजे. अभ्यास केला, साहेबलोकांच्या दारात चपला झिजवल्या. लग्नाचं काढलं की फोन ठेवून द्यायची. शेवटी योजना मंजूर झाली, आन् पहिल्या जिल्ह्यांमधी तिनं भांडून आपलं हिंगोली घातलं. पारा ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार असला की सकाळीच सगळ्यांच्या फोनवर मेसेज येतो, दुपारी काम बंद. मेसेज सरकारचा, पण आमच्या वस्तीत सगळे त्याला 'पल्लवीचा मेसेज' म्हणतात.

पल्लवीच्या पहिल्या कागदात पाऱ्यासोबत हवेतला ओलावाबी होता. साहेब म्हणले, ओलावा मोजायची यंत्रं सगळीकडं न्हाईत, तेवढं काढा, बाकीचं लगेच मंजूर करतो. हिनं काढलं. मला फोनवर म्हणाली, "दादा, मिळतंय ते आधी पदरात पाडून घेऊ. ओलावा पुढच्या वर्षी घालते." मला काय कळतंय त्यातलं? म्या म्हणलं, बरं केलंस.

ह्या एप्रिलमधी रूपामावशी गेली. आमच्या शेजारची. आमची आई कामाला जायची तेव्हा पल्लवीला हिनंच कडेवर वागवलेलं. हळद शिजवायच्या कुकरवर कामाला होती. चारी बाजूला ओलिताचं रान, वारा पडलेला, आन् वरून कुकरची वाफ. हवा इतकी ओली की घाम वाळंना, अंगावरच राहत होता. पारा काही ठरलेल्या आकड्यापर्यंत जाणार नव्हता, म्हणून मेसेज आला न्हाई. "डोकं गरगरून राहिलं," असं मावशी बायांना म्हणली. "पर आज पल्लवीचा मेसेज न्हाई. म्हंजे काही होत न्हाई." आन् टोपली उचलली. ती तिथंच पडली.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पल्लवी आली. मावशीच्या फोटोसमोर बसली ती उठंचना. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच घरात लॅपटॉपवर तिची मीटिंग होती. रूपामावशीची पोरगी मिना आमच्याकडंच होती, दारात बसून तांदूळ निवडत होती. मी शर्टाची काजं करत होतो. साहेबाचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता.

"हिंगोलीत उष्माघाताचे मृत्यू शून्य. अभिनंदन मॅडम! आता ही योजना जशीच्या तशी सगळ्या राज्यात नेऊ."

पल्लवी म्हणाली, "शून्य नाही, सर. एक आहे. रूपाबाई, राहणार कुरुंदा."

माझी सुई थांबली. म्हणलं, शाब्बास माझ्या वाघिणी!

साहेब भला माणूस असावा, हळू बोलला. "मॅडम, वाईट वाटलं. पण त्या दिवशी इशाराच नव्हता. इशारा नाही तर उष्माघात धरायचा नाही, ही व्याख्या तुम्हीच सही करून दिलेली आहे."

पल्लवीनं लॅपटॉप बंद केला.

मिनानं सूप खाली ठेवलं. "मंग माझी आई कशानं मेली, ताई?"

"गरमीनंच गेली गं," पल्लवी म्हणाली, आन् लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडायला लागली. "मी तेवढं एक सोडायला नको होतं, मिना. मी सही करायला नको होती."

तिला दोन बोल सुनवायचे म्हणून मी कित्येक वर्षं मनात साठवून ठेवलं होतं. आपल्या माणसांपासून तुटलीस, एवढं करून काय मिळवलंस, असलं सगळं. त्यातलं एकबी तोंडातून निघालं न्हाई. मिनाच उठली, तिनं ताईला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मेली कुणाची आई, आन् समजूत कोण काढतंय!

"ताई, रडू नका," मिना म्हणाली. "उद्यापासून आईच्या जागी मला बोलावलंय कुकरवर."

"नको जाऊ!" पल्लवीनं तिचा हात धरला. "हवा अशीच आहे अजून. उद्या तर बिलकुल नको जाऊ."

"बराबर आहे तुमचं," मिना म्हणाली. "मंग उद्या मेसेज येईल ना? पहिले कुणाला चक्कर आली तर मुकादम बसू द्यायचा. आता म्हणतो, पल्लवीचा मेसेज दाखव, मंगच बस."