न वाजणारा हेडफोन

टिक्. माझी पट्टी डोक्याच्या मापाने एक घर खाली ओढली की एवढाच आवाज होतो. दुपारी दोनच्या शांततेत तो साऱ्या घराला ऐकू जायचा. लगेच बाहेरच्या खोलीत बाबा छोट्या चिमणीला कुजबुजून सांगायचा, "शू! आईची मीटिंग सुरू झाली."

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. चिमणीची आई, म्हणजे माझी मालकीण, सॉफ्टवेअर तयार करते आणि कादंबऱ्याही लिहिते. तिच्या पहिल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तिच्या हाती आलो. लांबच लांब टेबलं, एकाला एक चिकटलेल्या खुर्च्या. तिथे बसून ती दवाखान्यांसाठी काम करायची. कोणत्या रोग्याने किती वाजता यायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर तिने बनवलं. तेव्हा मी छान गात होतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मला कानांवर चढवून ती कादंबरीची दोन पानं लिहायची.

"काय लेखिकाबाई, आम्हालाही घ्या की एखाद्या प्रकरणात!" जेवून परत आलेला शेजारच्या टेबलावरचा सहकारी चेष्टेने म्हणायचा.

"घेतलंय ना. दुसऱ्याच प्रकरणात मेलात तुम्ही!"

ती कादंबरी छापून आली. थोड्यांनी वाचली, पण मनापासून वाचली. प्रकाशक म्हणाले, "बाई, दुसरी लवकर द्या." त्या दिवशी तिने मला मऊ कापडाने पुसलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

पुढे चिमणी झाली आणि काम घरी आलं. माझा डावा कान बंद पडला, मग उजवाही. मऊ गाद्यांचे पापुद्रे सुटून तिच्या केसांत अडकू लागले. मीटिंगसाठी नवा, चकचकीत हेडफोन आला. मी म्हटलं, संपलं, आता आपली रवानगी भंगारात. पण दुपारी दोन वाजले की तिचा हात माझ्याकडेच यायचा. कारण मला ठाऊक होतं. सुरुवातीला तिने सरळ सांगून पाहिलं होतं, "मी तासभर लिहितेय हं." तेव्हा बाबा दारातून म्हणाला होता, "लिहितेच आहेस ना, मग दुधाकडे जरा लक्ष ठेव." तो काही वाईट माणूस नाही. पण लिहिणाऱ्या बाईला कुणीही हाक मारतं. मीटिंगमधल्या बाईला मारत नाही. म्हणून ती मला चढवायची आणि गप्प राहायची. माझी वायर कशालाही जोडलेली नसायची. टेबलाखाली नुसती लोंबत राहायची.

त्या तासात आम्ही दोघंच. कादंबरीतल्या चुकांचीही ती सॉफ्टवेअरसारखी यादी करायची. दोष क्रमांक सतरा: आत्या तिसऱ्या प्रकरणात वारली, सातव्यात चहा पितेय. ते वाचून ती एकटीच हसायची. ते हसू सांगायला तिला कुणी नव्हतं. मी ऐकत होतो, पण माझा काय उपयोग? बाहेर चिमणी दोन वाट्या कानांवर धरून बाहुलीला दटावायची, "गप! माझी मीटिंग आहे."

अशी चार वर्षं गेली. मग शेवटच्या पानाचा दिवस उजाडला. संध्याकाळी हस्तलिखित प्रकाशकांकडे पाठवायचं होतं.

"आई..." दारातून हाक आली. "ए आई, बघ ना!"

मित्रांनो, माझ्या गाद्या झिजलेल्या. हाक जशीच्या तशी आत आली. तिची बोटं थांबली. मला वाटलं, आता वळेल. पण तिने एक श्वास घेतला आणि बोटं पुन्हा चालू लागली. तिसरी हाक अगदी हळू होती. मग छोटी पावलं परत गेली.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची वायर हलक्या हाताने गुंडाळा. आणि त्याच्या आड बसलेल्या माणसाला कधीतरी विचारा, "काय लिहितेस गं?" आमच्या घरी हे कुणी विचारलंच नाही.

शेवटचा पूर्णविराम पडला. मला टेबलावर ठेवून ती घाईने बाहेर गेली आणि चिमणीला कडेवर घेऊन आली.

"काय दाखवायचं होतं माझ्या राणीला?"

"बुटाची नाडी. मी एकटीने बांधली होती. पहिल्यांदा."

"अगंबाई! कुठंय, बघू?"

"सुटली ती."

आईने तिला मांडीवर बसवलं. चिमणीने मला उचललं आणि दोन्ही हातांनी आपल्या कानांवर दाबलं. बराच वेळ ती ऐकत राहिली. मी जीव तोडून काहीतरी वाजवायला हवं होतं. पण माझ्यात होतं काय?

"आई, बोल काहीतरी."

"काय बोलू गं?"

"ऐकू आलं!" चिमणी म्हणाली. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं. "यात तर कुणीच बोलत नाही. आणि तुझं सगळं ऐकू येतं. मग मी हाक मारत होते, तेव्हा तू का नाही आलीस?"