कॉरीनला रेडिओ नको होता

सप्टेंबरात कॉरीन ट्रिपोडीने नारिंगी रंगाची एक सेकंडहँड गाडी घेतली आणि पंधरा दिवसांत तिला वाटायला लागलं, की रॉचेस्टरची माणसं एकाएकी फार प्रेमळ झाली आहेत. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायचा. कोणी अंगठा दाखवायचं, कोणी मान डोलवायचं. एका बस ड्रायव्हरने तर खिडकीतून हात काढून हवेत मूठ नाचवली. कॉरीन सगळ्यांना हसून हात करायची. लॅबमध्ये पोचेपर्यंत तिची कळी खुललेली असायची. लॅब दातांची, तिथे ती गेली एकतीस वर्षं कवळ्या घडवत होती.

"गाडीचा रंग बघतात गं ते," नवरा लेस्टर म्हणाला. "भोपळा रस्त्यावरून चाललाय, कोण बघणार नाही?"

म्हणाला म्हणजे हातांनी. दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांच्या घरात गप्पा, भांडणं, चहाड्या, सगळं हातांनीच चालायचं, आणि लेस्टरचे हात छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच वटवट करायला लागले होते.

ऑक्टोबरात कॉरीनची धाकटी बहीण मर्ना बफेलोहून आली. मर्नाला ऐकू येतं. कॉरीन तिला बाजारात न्यायला निघाली, गाडी सुरू केली, आणि मर्नाने दोन्ही कानांवर हात दाबून डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" कॉरीनने तिला हलवून विचारलं.

मर्नाने आधी पुढचं एक बटण गरागरा फिरवलं, मग बोलायला हात मोकळे केले. "अगं बाई! कानाचे पडदे फाटले असते माझे! कोण तो बोंबलतोय? ढोल काय, किंकाळ्या काय! हे तू रोज लावतेस?"

"मी काय लावू? मला काय कळणार लावलंय ते?"

मग उलगडा झाला. गाडी विकणाऱ्याने उपग्रहावरून चालणारा रेडिओ तीन महिने फुकट म्हणून सुरू करून दिला होता. आणि गाडी पुसताना कॉरीनने ते आवाजाचं बटण नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, शेवटपर्यंत फिरवून पुसलं होतं. महिनाभर ती आरडाओरड्याच्या संगीताचा धुरळा उडवत सगळ्या गावातून हिंडत होती. दोघी बहिणी गाडीत बसल्या बसल्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मधेच कॉरीनला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारला. "मर्ना, मी रोज गाडी लावते ती अंत्यविधीच्या कार्यालयासमोर गं!"

डिसेंबरात फुकटचे तीन महिने संपले आणि रेडिओ कंपनीची पत्रं सुरू झाली.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'कॉरीन, तुमच्याशिवाय आम्हाला करमत नाही.' दुसरं पिवळ्या लिफाफ्यातून आलं. वर लाल अक्षरांत 'तातडीचे', अगदी कर खात्याची नोटीस वाटावी असं. कॉरीनने उभ्या उभ्या फोडलं, तर आत निम्म्या दरात वर्षभर गाणी. तिसऱ्यावर लिहिलं होतं, की ही शेवटची संधी. चौथ्यावरही तेच. फेब्रुवारीपर्यंत शेवटच्या संधी चौदा झाल्या.

पत्रं परवडली, पण फोन नको असं व्हायला लागलं. त्यांच्या घरी फोन वाजत नाही, दिवे भकभकतात. स्वयंपाकघरातला, पलंगाशेजारचा, न्हाणीघरातलासुद्धा. आणि बरोबर जेवणाच्या वेळी भकभकायचे. फोन घेतला की टीव्हीवर दुभाषी दिसायचा. पलीकडचा माणूस बोलेल ते हातांनी सांगायचा आणि कॉरीनचे हात बघून त्याला तोंडाने सांगायचा. बिचारे दुभाषी रोज वेगळे, रेडिओची विक्री मात्र तीच.

"मी बहिरी आहे. रेडिओ नको," कॉरीनने प्रत्येकाला नीट सांगितलं. प्रत्येकाने माफी मागितली, नाव यादीतून काढतो म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात दिवे पुन्हा भकभकले.

लेस्टरने स्वतःचा उपाय काढला. कंपनी उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा पाठवायची. लेस्टर त्यात पिझ्झाच्या जाहिराती कोंबून परत धाडायला लागला. "खाऊ देत त्यांनाही," तो म्हणायचा. तीन आठवड्यांनी त्याच्याच नावावर पत्र आलं, 'लेस्टर, तुम्ही दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभार.'

"बघ," कॉरीन म्हणाली, "आता तुझ्याशिवायही करमेना त्यांना. तुझ्या खटाऱ्यात रेडिओ तरी आहे का?"

"जिथे असतो तिथे भोक आहे. मी त्यात पेन्सिली ठेवतो."

शेवटी एका शनिवारी सकाळी कॉरीनने कॉफीचा मोठा मग भरला, केस विंचरले आणि आपण होऊन कंपनीला फोन लावला. पडद्यावर दाढीवाला, चष्मेवाला दुभाषी आला. त्याने आपला क्रमांक सांगितला आणि नंबर फिरवला.

"थांबा म्हणतायत," त्याने खूण केली. "गाणं लावलंय."

दुभाष्याला कानावर पडेल ते सगळं सांगावं लागतं, हा त्यांचा नियम. त्यामुळे पुढची वीस मिनिटं तो माणूस गंभीर चेहऱ्याने कॉरीनला गाणी सांगत बसला. एका गाण्यात एक बाई नवऱ्याला बजावत होती, की घर तू ठेव, कुत्रा मी नेणार. लेस्टर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. "मग? नेला का कुत्रा?" त्याने विचारलं. दुभाषी उत्तर देणार इतक्यात पलीकडून माणूस आला.

"नमस्कार, मी डेस्मंड. आज तुमचा दिवस आणखी छान कसा करू?"

"मला पत्रं आणि फोन बंद करून हवेत," कॉरीन म्हणाली. "मी बहिरी आहे."

"अगदी समजलं, मॅडम. तुम्हाला कुठल्या प्रकारचं संगीत आवडतं?"

"कुठल्याच नाही. बहिरी."

"कळलं. मग बेसबॉलचं धावतं वर्णन? विनोदी कार्यक्रमांच्याही खास वाहिन्या आहेत."

"डेस्मंड," कॉरीनने हात जरा मोठे केले, "मला ऐकू येत नाही."

"आवाज कमी येतो का गाडीत? त्यासाठी आमचे तंत्रज्ञ..."

"मला. ऐकू. येत. नाही."

कॉरीनने हात खाली घेऊन कॉफीचा घोट घेतला. मग दुभाष्याचे हात हलले. "मॅडम, तुम्ही ऐकताय ना?"

"नाही," कॉरीन म्हणाली.

दुभाष्याने ओठ घट्ट मिटले. नियमाप्रमाणे त्याला हसता येत नव्हतं, पण त्याचे कान लाल झाले. लेस्टर मात्र टेबलावर डोकं टेकून गदगदत होता.

पलीकडे डेस्मंडच्याही डोक्यात एकदाचा उजेड पडला असावा. "एक मिनिट. हा जो माझ्याशी बोलतोय तो पुरुष कोण?"

"तो माझा दुभाषी. त्याला ऐकू येतं. पण त्याने माझी गाडी घेतलेली नाही."

"अरे देवा," डेस्मंड म्हणाला, आणि दुभाष्याने ते इतक्या मनापासून केलं, की कॉरीनला डेस्मंड समोर दिसल्यासारखा वाटला. "मॅडम, मला माफ करा. मी सगळं कागदावरचं वाचत होतो. खरं सांगू? मला तुमचं नाव काढायचंय. पण कारण निवडल्याशिवाय हा कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

"कारणं काय आहेत?"

"परवडत नाही. कार्यक्रम आवडले नाहीत. गाडी विकली. ग्राहक वारला. एवढीच. पहिली तीन निवडली, तर नव्वद दिवसांनी पत्रं पुन्हा सुरू होतात." तो घुटमळला. "वारला निवडलं, तर कायमची बंद."

लेस्टरने डोकं वर काढलं. "मर की मग! सुटशील!"

एका क्षणात काम झालं असतं. कॉरीनने मगाकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचतही होतं. शाळेच्या अर्जापासून बँकेपर्यंत जन्मभर तिने असे कागद पाहिले होते, ज्यांवर तिच्यासाठी रकानाच नसे. आणि आता रकाना मिळत होता तो मेलेल्यांचा.

"नाही," ती म्हणाली. "मी जिवंत आहे आणि मी बहिरी आहे. दोन्ही खरं आहे. तसं लिहायला जागा करा."

"ती माझ्या हातात नाही, मॅडम."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला सांग."

डेस्मंडने सांगतो म्हटलं, आणि आवाजावरून तो खरंच सांगेल असं दुभाष्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मंगळवारी पिवळा लिफाफा आला.

शुक्रवारी संध्याकाळी कर्णबधिरांच्या क्लबात नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांचं जेवण होतं. कॉरीन सगळे लिफाफे एका बुटांच्या खोक्यात घालून घेऊन गेली. मधल्या टेबलावर उभं राहून तिने सगळा किस्सा हातवारे करून सांगितला. डेस्मंड, दाढीवाला दुभाषी, कुत्रा, सगळं. "तुम्ही ऐकताय ना?" इथपर्यंत आली तेव्हा साठ माणसं टेबलं बडवत होती. मग मागच्या रांगेतून ऑर्विल उठला. ऑर्विल एक्याऐंशी वर्षांचा, क्लबातला सर्वांत जुना सभासद.

"माझ्याकडे बावीस आहेत," तो म्हणाला.

"माझ्याकडे नऊ!" दुसरीकडून हात वर आला. "मी तर चुलीत घालते," कोणी म्हणालं. हात वर येतच गेले. ज्याने ज्याने गेल्या दोन-तीन वर्षांत गाडी घेतली होती, त्या प्रत्येकाशिवाय कंपनीला करमत नव्हतं. दोघांनी तर कंटाळून स्वतःला मारूनही टाकलं होतं.

"लाज नाही वाटत? आमच्यात बसून मासे खाताय!" ऑर्विलने त्यांना झापलं. मग तो कॉरीनकडे वळला. "तुझ्या फोनला किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं."

"त्यांचाही तेवढाच गेला," ऑर्विल म्हणाला, आणि त्याचे डोळे लुकलुकले.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी दहा वाजता क्लबात कॉरीन सोडून सत्तावीस जण आपापले फोन आणि लॅपटॉप घेऊन जमले. कॉरीनने नियम घालून दिले होते. शिवी द्यायची नाही. चिडायचं नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरं, सविस्तर आणि सावकाश द्यायचं. शेवटी एकच मागणी करायची, की यादीत आमचं कारण घाला.

दहा वाजून एका मिनिटाने सत्तावीस दुभाषी सत्तावीस पडद्यांवर गाणी सांगायला लागले. सुरुवातीला नुसता गोंधळ होता. कोणाचा फोन कटला, कोणाचा डबल लागला. मग माणसं यायला लागली. लेस्टरला कोणीतरी गाडीचं मॉडेल विचारलं. त्याने पेन्सिलींच्या भोकाचं वर्णन सुरू केलं. ऑर्विलला विचारलं, की तुमच्या आयुष्यात संगीताचं स्थान काय. ऑर्विल खुर्चीत सावरून बसला आणि त्याने एकोणीसशे एकोणसाठ सालापासून सुरुवात केली, जेव्हा शाळेच्या बँडमध्ये त्याला सर्वांत मोठा ढोल दिला होता, कारण तो वाजवताना इतर कोणालाही त्रास झाला तरी त्याला होत नव्हता. पलीकडची मुलगी आधी मधे मधे सवलतीचे दर सांगत होती. नंतर ती सांगायची थांबली. "मग पुढे?" असं तिने विचारल्याचं दुभाष्याने केलं, तेव्हा ऑर्विलने विजयाने सगळीकडे पाहिलं.

कॉरीन टेबलांमधून फिरत, कॉफी ओतत, पडद्यांवरचे हात वाचत होती. सत्तावीस ठिकाणी एकच वाक्य वेगवेगळ्या हातांनी चाललं होतं. मी बहिरी आहे. मी बहिरा आहे. हो, जिवंत आहे. तिने पुढचा मग काठोकाठ भरला.

साडेअकराला तिचा स्वतःचा फोन भकभकला. पडद्यावर तरुण दुभाषी होती. "मी मिसेस ओकाफोर बोलतेय, ग्राहक विभागाची प्रमुख. तुम्हीच का कॉरीन ट्रिपोडी? डेस्मंडने तुमचं नाव दिलं. गेले दहा दिवस तो माझ्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवतोय आणि मी त्या बाजूला सारतेय. चूक माझी आहे." दुभाषीचे हात भराभर चालत होते. "माझी सकाळची सगळी माणसं या क्षणी तुमच्या क्लबाशी बोलतायत. एकीने ढोल ऐकता ऐकता रडायला सुरुवात केलीय. मला सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"कारणांच्या यादीत एक ओळ," कॉरीन म्हणाली. "आणि ती निवडली की कायमचं बंद. नव्वद दिवस नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"कॉम्प्युटर विभागाचा माणूस माझ्या शेजारीच बसलाय. शनिवारी घरून बोलावून आणलाय, म्हणून जरा रुसलाय. ओळ काय लिहायची, तेवढं सांगा."

कॉरीनने क्लबातले दिवे दोनदा बंद-चालू केले. सगळ्यांनी माना वर केल्या. तिने प्रश्न मांडला, आणि इतका वेळ शिस्तीत चाललेल्या त्या खोलीत एकदम युद्ध पेटलं. कोणाला 'ऐकू येत नाही' हवं होतं. कोणी म्हणालं, नाही काय नाही, काय कमी आहे आपल्यात? कोणाला 'कर्णबधिर' हवं होतं, ऑर्विलला 'बहिरा' आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. लेस्टर सुचवत होता, 'रेडिओऐवजी पिझ्झा पाठवा.' स्वतःला मारून बसलेले ते दोघं, आपल्याला पुन्हा जिवंत करून घेता येईल का, असं मधेच विचारत होते.

मिसेस ओकाफोर फोनवर ताटकळत होत्या. पंचवीस मिनिटांनी दुभाषीने खूण केली, "त्या विचारतायत, काही अडचण आहे का?"

"अडचण नाही," कॉरीनने हसून हात केले. "थोडं थांबा. हवं तर गाणं ऐका."

बारा वाजायला आले तेव्हा मतदान झालं. सोळा विरुद्ध अकरा. कॉरीनने ओळ दोनदा सांगितली, कॉम्प्युटर विभागाच्या रुसलेल्या माणसाने ती टाइप केली, आणि मिसेस ओकाफोरनी ती वाचून दाखवली. 'ग्राहक बहिरा/बहिरी आहे, जिवंत आहे, मजेत आहे.'

"बरोबर?" मिसेस ओकाफोरनी विचारलं.

कॉरीनने खोलीकडे पाहिलं. चोपन्न हात वर होऊन हवेत फडफडत होते, त्यांच्या टाळ्या अशाच असतात.

"बरोबर," ती म्हणाली. "आता सत्तावीस वेळा ते बटण दाबा, आणि माझ्यासाठी अठ्ठाविसाव्यांदा."