दाराचं वजन

"हे दार वर उचलणं आता तुझ्या मोटरला झेपायचं नाही," क्लेटन रूड हातातली कॉफी सांभाळत म्हणाला.

व्हर्लिन स्कोगस्टाड गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून थर्माकोलची जाड पाटी सुरीने कापत होता. दाराच्या चार आडव्या फळ्यांपैकी तीन भरून झाल्या होत्या. आधी थर्माकोल, त्यावर चकचकीत कागद, त्यावर प्लायवूड. प्लायवूडची काही गरज नव्हती. पण उघडा थर्माकोल बरा दिसत नाही, असं व्हर्लिनचं मत होतं. गॅरेजचं दार आतल्या बाजूने बघायला कोण येतं, हा प्रश्न आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही.

"दाराचा भार स्प्रिंग तोलते, वजन वाढलं की ती बदलायला लागते," क्लेटन म्हणाला. "ही जुनी ताणून ताणून एक दिवस तुटणार. माझ्याकडे एक जाड पडलीय. येऊ का उद्या?"

क्लेटन शेजारीच राहायचा. गावातली निम्मी गॅरेजची दारं त्याच्या हातची होती. तो म्हणाला स्प्रिंग तुटणार, म्हणजे ती तुटणार.

"छे छे, तू कशाला त्रास घेतोस."

"त्रास कसला? तासाभराचं काम आहे."

"नको रे, तुझी तुला कामं असतील."

आमच्या उत्तर मिनेसोटात पहिला नकार सभ्यपणाचा असतो, दुसरा वळणाचा. समोरच्याने तिसऱ्यांदा विचारलं की जमिनीकडे बघत म्हणायचं, "बरं, तुझा एवढा आग्रहच असेल तर." व्हर्लिनने ते वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. एवढ्यात शेजारून क्लेटनच्या बायकोने, मार्लिसने, आरोळी ठोकली, "अहो, तळघरात पाणी आलंय!" आणि क्लेटन कॉफी हिंदकळवत धावला. तिसऱ्यांदा विचारणं राहून गेलं.

चौथी फळी व्हर्लिनने एकट्याने भरली. दाराच्या कडांना रबरी पट्ट्या ठोकल्या. हा सगळा खटाटोप बायकोच्या, आर्डिसच्या, एका वाक्यासाठी होता. दोन वर्षांपासून आर्डिसचं डायलिसिस चालू होतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, चाळीस मैलांवर. नोव्हेंबरात एकदा गाडीत बसताना ती म्हणाली होती, "पाय पार बधिर होतात गं बाई." हे ती स्वतःशीच म्हणाली होती. त्रेपन्न वर्षांच्या संसारात तिने तक्रार म्हणावी अशा गोष्टी व्हर्लिनला बोटांवर मोजता आल्या असत्या, म्हणून दुसऱ्याच दिवशी तो थर्माकोल घेऊन आला.

काम संपल्यावर त्याने परीक्षा घेतली. दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलं, हाताने कमरेइतकं उचललं आणि सोडून दिलं. तोललेलं दार हवेत जिथल्या तिथे उभं राहतं. हे धाडकन खाली आलं.

"काय पडलं?" आर्डिसने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही पडल्याचा आवाज बराच मोठा आला."

व्हर्लिनने आयुष्याची चाळीस वर्षं धान्यगोदामाच्या वजनकाट्यावर काढली होती. ट्रक आत येताना नुसत्या टायरांकडे बघून तो वजन सांगायचा, चूक फार तर दोन पोत्यांची. त्याच माणसाने स्वतःच्या दारावर पन्नास पौंड चढवले आणि काट्याची आठवण त्याला नंतर झाली. हे कळलं असतं तर गावाला पुढची दहा वर्षं कॉफीबरोबर चघळायला दुसरं काही लागलं नसतं.

उपाय नव्हते असं नाही. चाळीस मैलांवरून दुसरा दारवाला बोलावता आला असता, पण त्याची गाडी क्लेटनच्या खिडकीसमोरूनच आली असती, आणि क्लेटनच्या शेजारात राहून असा अपमान करण्यापेक्षा गाव सोडलेलं बरं. प्लायवूड उखडता आलं असतं, पण ते चिकटवताना व्हर्लिनने नेहमीप्रमाणे गोंद हात राखून वापरला नव्हता. गाडी रात्री बाहेर उभी करता आली असती, पण मग आर्डिसने बर्फासारख्या सीटवर बसायचं, म्हणजे दाराचं एवढं कौतुक कशाला केलं? आणि सरळ क्लेटनकडे जाऊन "ये बाबा" म्हणावं, तर ते मागणं झालं. स्कोगस्टाडांच्या घराण्यात मागितल्याची नोंद नव्हती. आजोबांच्या कोठाराला आग लागली तेव्हासुद्धा त्यांनी शेजाऱ्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं म्हणे, की आज जरा उजेड जास्त आहे.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी होती. व्हर्लिन क्लेटनच्या बरोबर समोर बसला. प्रश्न सहज विचारता यावा म्हणून त्याने विषय दाराच्या जवळपास आणून ठेवला.

"गॅरेज आता ऊबदार झालंय."

"छान."

"दार जरा जड चालतं. तसं काही नाही म्हणा."

"हं," क्लेटन म्हणाला, आणि तळ्यावरचा बर्फ किती इंच झाला, त्यावर ट्रक नेता येईल की नाही, याबद्दल वीस मिनिटं बोलला. व्हर्लिनने दोन कप कॉफी जास्त घेतली. तिसऱ्यांदा कुणी विचारलं ते मार्लिसने, आणि तेही लिंबाची वडी हवी का म्हणून.

सोमवारी दार कण्हत वर गेलं. व्हर्लिन बटणावर बोट ठेवून श्वास रोखून उभा होता. मोटर अर्ध्यावर थांबली, विचारात पडल्यासारखी, आणि पुन्हा चालू झाली. गाडीत आर्डिस म्हणाली, "आज पाय गार पडले नाहीत." त्याला खूप बरं वाटायला हवं होतं. वाटेत चाळीस मैल तो फक्त मोटरचा आवाज मनात उगाळत राहिला.

मंगळवारी हवामानवाल्याने बुधवारचा आकडा सांगितला, उणे चाळीस. या आकड्यावर सेल्सियस आणि फॅरनहाइटवाल्यांचं एकमत होतं. आमच्याकडे एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नाही. थंडीत पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, हे व्हर्लिनला कुणी सांगायला नको होतं. मागल्या हिवाळ्यात वादळामुळे आर्डिसचा एक दिवस चुकला होता. तिच्या छातीत पाणी भरलं आणि तिला आडवं होता येईना. हेलिकॉप्टर येईपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून, मासा काठावर टाकल्यासारखी, श्वास घेत होती. तेव्हाही ती म्हणत होती, "मी ठीक आहे."

बुधवारी पावणेसातला आर्डिस कोट, टोपी, मांडीवर घ्यायचं पांघरूण, सगळं घेऊन गॅरेजात उभी राहिली. व्हर्लिनने बटण दाबलं.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. दार वीतभर उचललं गेलं आणि खाली बसलं. वरच्या दांड्यावर स्प्रिंगचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकले होते.

"ही ती स्प्रिंग का?" आर्डिसने विचारलं.

"कुठली ती?"

"जिच्याबद्दल तू आठवडाभर झोपेत बोलतोयस."

व्हर्लिनने दोरी ओढली, दाराच्या कडेखाली बोटं घातली आणि उचललं. दार गुडघ्यापर्यंत आलं. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. दार पुन्हा खाली गेलं. दुसऱ्यांदा ते गुडघ्यापर्यंतही आलं नाही.

"क्लेटनला फोन कर," आर्डिस म्हणाली.

"अजून एकदा बघतो."

"व्हर्लिन." ती पायरीवर टेकली. तिचे घोटे बुटांवरून फुगून बाहेर आले होते. "आठ वाजता मला डायलिसिसच्या खुर्चीत बसायचंय."

त्याने फोन लावला.

"क्लेटन? झोपला होतास का?"

"नाही."

"उणे चाळीस आहे म्हणे."

"हो ना."

"वारा नाही पण."

"वारा नाही."

आर्डिस नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"व्हर्लिन," क्लेटन हळूच म्हणाला, "आवाज मी ऐकलाय. काय हवंय?"

व्हर्लिनने डोळे मिटले. "मला एक माणूस हवाय. दार उचलायला."

"आलो."

क्लेटन पायजम्यावर कोट चढवून आला, हातात दोन लांब फळकुटं घेऊन. दोघं दाराच्या दोन टोकांना उभे राहिले आणि एक, दोन, तीन म्हणून उचललं. थंडी भिंतीसारखी आत कोसळली. दार खांद्यापर्यंत आलं, मग डोक्यावर. फळकुटांचा टेकू लागला, पण क्लेटन म्हणाला, "यावर भरवसा नाही. हात काढू नकोस."

"मग गाडी कोण काढणार?"

उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. आर्डिस गाडीच्या डाव्या बाजूने, चालवणाऱ्याच्या जागी, आत बसली होती. तिने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला आणला आणि किल्ली फिरवली. दोन म्हातारे हात वर करून, शरण आल्यासारखे, दोन बाजूंना उभे, आणि मधून गाडी मागे जात होती, कुठे घासली नाही, कुठे थांबली नाही.

"रविवारी विचारणार होतो," क्लेटन दाराखालून धापा टाकत म्हणाला. "पण तू दोनदा नको म्हणालास. मार्लिस म्हणाली, त्याला नको असेल तर कशाला मागे लागता."

"मी वाट बघत होतो."

"मीही. तू सांगशील म्हणून." त्याने नाक कोटाच्या बाहीला पुसलं. "स्प्रिंग आज बसवतो. तुम्ही याल तोवर."

व्हर्लिनच्या ओठांवर "नको" आलं. "बसव," तो म्हणाला. क्लेटनने त्याच्याकडे असं बघितलं, जणू दाराखाली दुसराच कुणी उभा आहे.

दार सावकाश खाली टेकवून व्हर्लिन गाडीकडे धावला. आर्डिस चाकामागून उठली नव्हती. तो डाव्या दाराशी क्षणभर उभा राहिला, मग वळसा घालून उजवीकडे गेला. ती जागा त्याच्या ओळखीची नव्हती. सीट पुढे सरकलेली होती आणि त्याचे गुडघे समोरच्या कप्प्याला लागत होते. तिचं पांघरूण त्याच्या मांडीवर आलं.

"येताना तू चालव," ती म्हणाली. "सुया काढल्यावर मला गरगरतं."

"हो."

गाव मागे पडलं. दोन्हीकडे पांढरी शेतं, रस्ता सरळ. ती पंचावन्नने चालवत होती. तो पन्नासने चालवायचा.

"अगं, जमतंय ना तुला?"

"डायलिसिसच्या पहिल्या दिवशी तू मला विचारलं होतंस, चालवतेस का म्हणून."

"तू नको म्हणालीस."

"एकदा म्हणाले."

शेतांच्या कडेवर सूर्य आला होता आणि कडाक्याच्या थंडीत दिसतात तसे दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य. आर्डिसने काचेवरची ऊन अडवायची पट्टी खाली ओढली. पुढे चौकात थांबायची लाल पाटी दिसली, तसा पांघरुणाखाली व्हर्लिनचा उजवा पाय हळूहळू, जिथे ब्रेक नव्हता तिथे, दाबला जाऊ लागला.