लहान पातेलं

सत्त्याण्णव सालच्या थंडीत मुकादमबाई दवाखान्यातल्या काट्यावरून उतरल्या आणि आहारतज्ज्ञबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"वजन पुन्हा उतरलंय."

"कसं शक्य आहे?" सून पुढे झाली. "दोन्ही वेळा पातेलं चाटूनपुसून रिकामं असतं, मॅडम!"

मुकादमबाई मान खाली घालून चपला शोधत राहिल्या. छापखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी उभं आयुष्य लोकांना जेवू घातलं होतं. ‘मुकादमबाई’ हे नाव तिथलंच. आतड्याचा कॅन्सर काढला, औषधं संपली आणि घरात त्यांच्यापुरतं एक लहान पातेलं आलं. सून मनापासून रांधायची. कडधान्यं, भाज्या, कोंड्यासकटच्या पिठाचा पाव. बाकीच्यांचं तळलेलं मटण वेगळं. पण मुकादमबाई जन्मात कधी एकट्या जेवल्या नव्हत्या. ते पातेलं समोर आलं, की आजारच समोर येऊन बसल्यासारखं वाटे. घास उतरत नसे.

"हे खाल्लं म्हणजे दुखणं परत येणारच नाही, असं मी लिहून देणार नाही," आहारतज्ज्ञबाई म्हणाल्या. "पण रोज असं जेवलात, चाललात, अंगात ताकद राहिली, तर आपलं पारडं जड होतं. पोटात मात्र जायला हवं."

"मग जातंय कुठे?" सून म्हणाली.

दाराशी मुकादमबाईंचे यजमान उभे होते, बसवर ड्रायव्हर होते ते. एका हातानं पँट वर ओढत होते. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक मुकादमबाईंनी पाहिलं.

"अहो! इकडे बघा माझ्याकडे."

"तू ताट सरकवायचीस," ते पुटपुटले. "सूनबाईला वाईट वाटेल म्हणून मी संपवायचो. मग... चांगलं लागायला लागलं."

"बाबा! आणि मी तुमच्यासाठी तळलेलं मटण?"

"बोक्याला."

"तरीच मेला खिडकीतून मावत नाही!"

मुकादमबाई हसू लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, पोट धरून.

संध्याकाळी त्यांनी सुनेच्या हातून डाव काढून घेतला. सगळ्यांचं एकच कालवण मोठ्या पातेल्यात शिजलं. त्यांच्या मुलानं तोंड वाकडं केलं, पण वास आल्यावर मुकाट बसला. सगळे गोलाकार बसले आणि मुकादमबाई जेवल्या.

"अजून एक डाव वाढ गं."

सुनेनं वाढलं आणि डोळे पुसले. कांदा चिरून तर बराच वेळ झाला होता.

आहारतज्ज्ञबाई पुढे मोठ्या इस्पितळात गेल्या. नव्या पेशंटच्या घरच्यांना त्या आधी विचारत, जेवायला बरोबर कोण बसतं? मुलगा कुरकुरत का होईना, भाज्या खायला शिकला. सून आता त्याच कँटीनची मुकादम आहे. यजमान पिकल्या वयात, जेवून उठल्यावर, खुर्चीतच गेले. मुकादमबाईंच्या तपासणीत दर खेपेला काही निघालं नाही, आणि आज ऐंशी ओलांडूनही कोणाचं ताट अर्धं राहिलं तर त्या खपवून घेत नाहीत.

लहान पातेलं बोक्याला मिळालं. त्यात तो शेवटपर्यंत एकटाच जेवला, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.