वॉल्टरसाहेबांची एक धाव

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मैदान डोळ्यांपुढे आणा. हिरवंगार, पण अगदी रिकामं. खेळाडू नाहीत, प्रेक्षक नाहीत. आणि एक उंच, म्हातारे गृहस्थ त्या रिकाम्या मैदानाकडे सजवलेल्या मांडवाकडे बघावं तसे कौतुकाने बघत उभे आहेत.

वल्लरीला ते असेच दिसले. वल्लरी राहायची त्या मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे उंच इमारतींच्या संकुलात, चेंडू खेळायला बंदी, म्हणून श्रीनिवासआजोबा तिला क्रिकेट खेळायला या बेसबॉलच्या मैदानावर आणत. हंगाम संपला की ते मोकळंच असे.

"काही हरवलंय का?" आजोबांनी त्या गृहस्थांना विचारलं.

"छे, सापडलंय," ते हसून म्हणाले.

त्यांचं नाव वॉल्टर. अमेरिकेत त्यांच्या गावची मैदानं हिवाळ्यात बर्फाखाली जात, म्हणून ते देशोदेशीची मैदानं पाहत फिरत. पण त्यांचा एक नियम होता. कुणीतरी चेंडू टोलवून, चार कोपऱ्यांवरच्या चारही बेसना, म्हणजे जमिनीवरच्या खुणांना, शिवून परत आलेलं पाहिलं, तरच ते मैदान पाहिलं म्हणायचं. काल ते इथे आले, तर पावसाने घोटाळा केला. आज रात्री त्यांचं विमान होतं. स्वतः पळावं, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

"मी पळते की," वल्लरी म्हणाली.

वॉल्टरसाहेबांनी चेंडू टाकला. वल्लरीने तो नाजूकपणे मागे कट केला.

"वा!" आजोबा म्हणाले.

"मागे मारलेला चालत नाही," वॉल्टरसाहेब म्हणाले.

"मग मागचं सगळं मैदान फुकट घालवता तुम्ही," वल्लरी म्हणाली.

पुढचा चेंडू तिने समोर ठोकला आणि बॅट घेऊन थेट वॉल्टरसाहेबांच्याच दिशेने धावली. त्यांच्या पायाशी बॅट टेकवली, वळली आणि परत आली.

"टू रन्स, लाह!" ती तिथल्या बोलीत ओरडली.

वॉल्टरसाहेब पोट धरून हसले. बॅट टाकून द्यायची आणि चौकोनाच्या कडेने पळायचं, हे त्यांनी पुन्हा समजावलं. एवढ्यात फुटबॉलची मुलं आली. मैदान आता त्यांचं होतं.

"एकच बॉल," आजोबांनी त्यांच्या कोचला विनवलं. कोचने घड्याळ पाहून होकाराची मान डोलावली.

"आजोबा, मला बाद न करता जाऊ द्याल ना?" वल्लरीने विचारलं.

"घरी मी आजोबा. इथे फील्डर."

"हेच बरोबर," वॉल्टरसाहेब म्हणाले. "मुद्दाम सोडलेली धाव मी धरत नाही."

वल्लरीने चेंडू लांब टोलवला. बॅट टाकली. पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा. पण आजोबांनी चेंडू गाठला होता. हातात चेंडू घेऊन, कबड्डीतल्यासारखे हात पसरून ते तिसरा बेस आणि शेवटची पांढरी पाटी यांच्या मधोमध उभे राहिले. चेंडू अंगाला लागला की वल्लरी बाद.

वॉल्टरसाहेब पुढे वाकून बघत होते. फुटबॉलची मुलंही कडेला येऊन उभी राहिली.

"ये," आजोबा म्हणाले. "आता कुठे जातेस?"

वल्लरी मागे वळली, जणू तिसऱ्या बेसकडे परत निघाली. आजोबा तिच्यामागे झेपावले. तशी ती गर्रकन फिरली, त्यांच्या पसरलेल्या हाताखालून वाकून निसटली आणि दोन्ही पायांनी त्या पांढऱ्या पाटीवर उडी मारून उभी राहिली. कोचने शिट्टी वाजवली, एकदा, दोनदा. पण वॉल्टरसाहेबांनी डोळे पुसून फोटो काढेपर्यंत ती काही तिथून हलली नाही.