लेकाच्या हातचा घास

ग्रामीण रुग्णालयात तेजस्विनीला कुणी फिजिओथेरपिस्ट म्हणत नसे. ती 'व्यायामवाली मॅडम'. गोळी नाही, सुई नाही, नुसतं हात वर करा नि खाली करा, याचा सरकार पगार देतं याचं लोकांना नवल वाटे. तिला राग यायचा, पण ती तो गिळून टाकायची.

मढ गावच्या रखमाजींचा मात्र तिला अभिमान होता. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांचं बोटही हलत नव्हतं. तिने रोज व्यायामासाठी त्यांचा पिच्छा पुरवला. घरी जायच्या वेळी म्हातारा पेला स्वतः उचलून तोंडाला लावत होता. त्यांच्या लेकाला, संपतला, तिने बजावलं होतं, की त्यांना त्यांच्याच हाताने जेवू द्या. सांडू दे, वेळ लागू दे, पण भरवू नका. हात वापरला तरच राहील, नाहीतर आखडेल.

संपतने मान डोलावली आणि घरी जाऊन नेमकं उलट केलं. म्हातारा बाप सांडत जेवतोय म्हटल्यावर गाव नावं ठेवणारच. मग रोज ओट्यावर बसून तो बापाला भरवू लागला. कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला आणि भैरवनाथाच्या यात्रेत संपतचा सत्कार ठरला. दोन महिन्यांनी बापलेक दाखवायला आले, तेव्हा म्हाताऱ्याचं कोपर वाकून बसलं होतं आणि बोटं मिटायला लागली होती.

तेजस्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपत चहा आणायला बाहेर पडला, तशी तिने रखमाजींच्या हातात पाण्याचा पेला दिला. बोटं थरथरत उघडली, पेल्याभोवती वळली. पेला ओठांपर्यंत गेला.

"येतंय की," ती म्हणाली. "मग घरी का नाही जेवत हाताने?"

म्हातारा दाराकडे बघत हळू बोलला. "बाई, ह्यो पोरगा आजवर कुनाच्या खिजगणतीत नव्हता. पिऊन पडायचा. कुनी दारात उबं करीत नव्हतं. आता लई मान देत्यात. पिनं बी सुटलंय. म्या हातानं खाल्लं, तर त्यो काय करंल?"

"आणि तुमचा हात?"

"हात काय, म्हातारा झालाय."

इथे गप्प बसणं तेजस्विनीला जमलं नाही. असंच चाललं तर महिन्याभरात तो हात कायमचा जाणार होता, आणि एवढ्या मेहनतीने आणलेला हात कुणाच्या सत्कारापायी सुकवायचा, हे तिच्या डोक्यात बसेना. संपत चहाचे दोन पेले घेऊन आला, तशी तिने बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांदेखत त्याला सांगितलं, की तुमच्या वडिलांना धरता येतं, डोळ्यांनी बघा. त्याच्याकडचा एक पेला घेऊन तिने रखमाजींच्या हातात दिला.

रखमाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि बोटं सैल सोडली.

चहा धोतरावर सांडला. संपतने खांद्यावरच्या टॉवेलने बापाची मांडी पुसली. "मॅडम, तुमचा व्यायाम ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "मी हाये त्यांना बघायला."

तेजस्विनी सांगत राहिली, की त्यांनी तो मुद्दाम सोडला. कुणालाच ते खरं वाटलं नाही, उलट सगळे तिच्याकडेच रागाने बघायला लागले. गुडघे शेकायला आलेल्या साळुबाई म्हणाल्या, "असा लेक मिळायला नशीब लागतं. व्हय का न्हाई, पावणं?"

रखमाजींनी मान डोलावली. संपतने स्वतःच्या चहावर फुंकर घातली, आणि पेला जवळ यायच्या आधीच म्हाताऱ्याने तोंड उघडलं.